आईचं पंधरवड्याचं इंजेक्शन अकराव्या दिवशीच संपतंय. डोस वाढवायचा, की आधी रक्तात मोजायचा?

कृष्णाकाठचा | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आई ६३ वर्षांची, वाईला असते, वजन जेमतेम ४४ किलो. आमवात, म्हणजे रूमॅटॉइडवाला, सात वर्षं झाली. गोळ्यांवर भागेना तेव्हा सव्वा वर्षापूर्वी अँटिबॉडीचं इंजेक्शन, अ‍ॅडालिमुमॅब सुरू केलं. दर १४ दिवसांनी ४० मिलिग्रॅम, पोटावर चिमटीत कातडी धरून. मी पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी घालून एसटीने नेतो. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं, टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायचं, हे आता शेजारच्या काकूंनाही पाठ झालंय.

पहिले सहा-सात महिने काय सांगू! चौथ्या इंजेक्शननंतर आईने स्वतः कणीक मळली आणि फोन करून सांगितलं, 'आज पोळ्या माझ्या हातच्या.' सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, ४८ होता तो ५ वर आला.

आता गाडी घसरलीय. आईची स्वतःची एक पद्धत आहे. कालनिर्णयवर इंजेक्शनच्या तारखेला फुली, आणि ज्या सकाळी भरलेला तांब्या एका हाताने उचलत नाही त्या तारखेला 'ता'. पूर्वी दोन फुल्यांच्या मध्ये एकही 'ता' नसायचा. दिवाळीनंतर तेराव्या दिवशी यायला लागला, मग बाराव्या, आता अकराव्याला. सीआरपी २६.

डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला घ्या. म्हणजे खर्च दुप्पट. खर्चाचं बघू, पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतोय. आईची थायरॉइडची गोळी टीएसएच बघून २५ ची ५० केली. शेजारच्या काकांची रक्त पातळ करायची गोळी आयएनआर बघून कमी-जास्त होते. इन्सुलिनचं तर विचारूच नका. मग इतक्या महागड्या औषधाला '४४ किलोची आई आणि ९५ किलोचा पैलवान, दोघांना ४०' हा काय हिशेब? रक्तात औषध किती उरलंय हे बघता येत नाही का? विचारलं तर 'तसं काही नसतं' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.


मोरपंखी | शनिवार, रात्री १०:५८

माझ्या मामेबहिणीला हेच इंजेक्शन आहे. ती एकदम बरी झाल्यावर तिच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांवर नेलं. तुमच्या आईंचं वजन इतकं कमी म्हणजे औषध उलट जास्तच पडत असेल ना? वाढवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.


बाह्यरुग्ण | शनिवार, रात्री ११:३१

मी सांधेतज्ज्ञ नाही, जनरल मेडिसिनवाला. तरी दोन शब्द.

'तसं काही नसतं' हे खरं नाही. रक्तातली अ‍ॅडालिमुमॅबची पातळी मोजता येते. पुढचं इंजेक्शन टोचायच्या आधी रक्त घेतात, त्याला ट्रफ म्हणतात. औषधाच्या विरोधात शरीराने अँटिबॉडी तयार केल्या आहेत का, हेही त्याच नमुन्यात बघतात. मोठ्या लॅबच्या यादीत दोन्ही चाचण्या असतात, फक्त नमुना बाहेर पाठवतात आणि रिपोर्ट यायला दिवस लागतात.

सगळ्यांना ४० का, तर या औषधाचं अर्धं आयुष्य साधारण दोन आठवड्यांचं. ते हळूहळू साठतं आणि बहुतेकांना ४० पुरून उरतं. कंपनीला एकच पेन बनवणं सोपं, आम्हाला लिहून देणं सोपं. मोरपंखीताईंचं खरं आहे, जाड माणसाच्या रक्तात पातळी कमी सापडते, बारीक माणसाच्या जास्त. म्हणूनच ४४ किलोच्या बाईंना औषध अकराव्या दिवशी कमी पडतंय हे ऐकून माझे कान टवकारले. त्या हिशेबात हे बसत नाही.

एक विचारतो. मेथोट्रेक्झेट, ती आमवाताची आठवड्याची गोळी, चालू आहे ना?


कृष्णाकाठचा | शनिवार, रात्री ११:४०

हो हो, दर रविवारी. पहिल्यापासून चालू आहे.


खवचट_खान्देशी | रविवार, सकाळी ७:१५

आला अजून एक नंबर. आधी सीआरपी, मग ईएसआर, मग अँटी-सीसीपी, आता औषधाची पातळी. पेशंटचा ठणका कोणी विचारत नाही, कागदावरचा आकडा विचारतात. काकूंचा 'ता' हाच खरा बायोमार्कर. तो सांगतोय की औषध कमी पडतंय, तर वाढवा. त्याला लॅबची सही-शिक्का कशाला?


पाठीचा_कणा | रविवार, सकाळी ९:०२

खवचटराव, मी एकेकाळी हेच म्हणायचो. माझी गोष्ट ऐका.

अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याचा सुजेचा संधिवात, एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह, वजन ८८. पहाटे चारला कंबर धरायची, कूस बदलायची तर आधी बायकोला उठवायचं. अ‍ॅडालिमुमॅबने पहिल्या महिन्यात फरक पडला. दीड वर्षाने पुन्हा दुखायला लागलं. मी डॉक्टरांच्या मागे लागलो, आठवड्याला द्या. त्यांनी आधी पातळी काढली. ९ आली, म्हणजे भरपूर. अँटिबॉडी नाहीत, सीआरपी नॉर्मल, एमआरआयमध्ये ताजी सूज नाही. डॉक्टर म्हणाले, औषध आपलं काम करतंय, तुमचं आत्ताचं दुखणं सुजेचं नाही. डोस दुप्पट केला तरी ते हलणार नाही.

राग आला होता. 'मग मी काय नाटक करतोय का' असं म्हणालोसुद्धा. मग फिजिओ, पोहणं, आणि सर्वांत मुख्य म्हणजे झोप. चार वर्षं धड झोप नसलेल्या माणसाच्या नसा किती चढलेल्या असतात ते तेव्हा कळलं. पूर्ण बरा नाही झालो. पण दुप्पट इंजेक्शनचे पैसे आणि जंतुसंसर्गाचा वाढीव धोका, दोन्ही वाचलं.

माझा ठणका खरा होता. पण तो कशाचा होता, हे ठणक्यावरून कळलं नसतं.


खवचट_खान्देशी | रविवार, सकाळी ९:२०

बरं. अर्धं मान्य.


उत्तरध्रुव | रविवार, दुपारी २:४४

चांगला धागा. मी गेली अकरा वर्षं नॉर्वेत आहे आणि हीच चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. डॉक्टर नाही, नळ्या-खळग्यांतली बाई आहे. चाचणी आतून कशी चालते ते सांगते, म्हणजे आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळेल.

९६ खळग्यांचं प्लास्टिकचं अप्पेपात्र डोळ्यांसमोर आणा, प्रत्येक खळगी शेंगदाण्याएवढी. तळाला टीएनएफचा, म्हणजे सूज भडकवणाऱ्या रेणूचा, थर दिलेला असतो. हे औषध ज्याला शरीरात धरतं तोच हा रेणू. त्यात पेशंटचं सीरम टाकायचं. औषध शिल्लक असेल तर ते तळाला चिकटतं, बाकीचं धुऊन जातं. मग चिकटलेल्या औषधावर रंग आणणारं विकर बसवायचं. आधी निळा येतो, आम्लाचा थेंब पडला की पिवळा होतो. जितका गडद पिवळा तितकं औषध जास्त.

आता गंमत बघा. शरीराने औषधाविरुद्ध अँटिबॉडी केल्या असतील तर त्या औषधाचा टीएनएफ धरणारा हातच पकडून ठेवतात. असं औषध रक्तात असूनही तळाला चिकटत नाही. खळगी पाण्यासारखी राहते. ही पांढरी खळगी बघितली की आम्हाला कळतं, या माणसाला दर पंधरा दिवसांनी सुई टोचली जातेय आणि त्याचा उपयोग शून्य आहे.

अ‍ॅमस्टरडॅमच्या एका अभ्यासात आमवाताच्या २७२ पेशंटना अ‍ॅडालिमुमॅबवर तीन वर्षं बघितलं. तो २०११ साली छापून आला. २८ टक्क्यांमध्ये अशा अँटिबॉडी सापडल्या, त्यातल्या दोन तृतीयांश पहिल्या २८ आठवड्यांत. टिकून राहणारा आराम अँटिबॉडी नसलेल्यांत ३४ टक्क्यांना, असलेल्यांत ४ टक्क्यांना. आणि ज्यांचं मेथोट्रेक्झेट नीट चालू होतं त्यांच्यात अँटिबॉडी कमी. बाह्यरुग्ण यांनी तो प्रश्न उगाच नाही विचारला.


कृष्णाकाठचा | रविवार, रात्री ९:०५

मंडळी, एक कबुली.

उत्तरध्रुवताईंचा प्रतिसाद वाचून वाईला फोन लावला. म्हटलं, आई, आज रविवार, गोळ्या घेतल्यास ना? 'घेतली की पिवळी.' एकच? 'हो, पिवळी.' मग मी व्हिडिओ कॉल करून डबा उघडायला लावला. मेथोट्रेक्झेटही पिवळी, फॉलिक अ‍ॅसिडही पिवळी. आई इंजेक्शनच्या नवव्या महिन्यापासून फक्त फॉलिक अ‍ॅसिड घेतेय. चुकून नाही, ठरवून. मेथोट्रेक्झेटच्या दुसऱ्या दिवशी तिला मळमळायचं, तोंड यायचं, सोमवारचा उपास सोडताना घास गिळवत नसे. 'इंजेक्शन चालू आहे ना, मग ती कशाला? तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास.'

ओरडलो असतो हे खरं आहे.

आमच्या डॉक्टरांनी इतक्या महिन्यांत हे विचारलं नाही. मीही नाही. स्ट्रिपा मोजायला पाच मिनिटं लागली असती.


मोरपंखी | रविवार, रात्री ९:१७

अगं बाई! काकूंना रागावू नका हं. माझ्या सासूबाईंनी प्रेशरची गोळी अशीच तुळशीत टाकली होती वर्षभर.


बाह्यरुग्ण | रविवार, रात्री १०:४८

कृष्णाकाठचा, स्वतःला दोष देत बसू नका. ओपीडीत साठ पेशंट असले की 'गोळ्या चालू आहेत ना' आणि 'हो' यावर विषय संपतो, माझ्याकडेही. आता चार गोष्टी वेगळ्या दिसू लागल्यात, म्हणून पातळी आणि अँटिबॉडी या दोन्ही चाचण्या करूनच घ्या. पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी, टोचायच्या आधी.

मेथोट्रेक्झेट मात्र मनाने पुन्हा सुरू करू नका. बंद पडून बराच काळ झालाय, लिव्हर आणि रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर सुरू करतील. आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच, हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. रोज घेतली गेली तर जीवावर बेतते.


खवचट_खान्देशी | सोमवार, सकाळी ६:५०

काकूंच्या बाबतीत चाचणी हवी, हे मान्य. पण उत्तरध्रुवताई, एक सांगा. हे इतकं छान असेल तर सगळ्यांचीच पातळी ठरावीक काळाने का मोजत नाहीत? तुमच्याच नॉर्वेत एक मोठी चाचणी झाली आणि तिच्यात काही फायदा दिसला नाही, असं वाचलंय.


उत्तरध्रुव | सोमवार, संध्याकाळी ५:३३

वाचलंय ते बरोबर आहे, पण अर्धंच वाचलंय. चाचण्या दोन होत्या. नाव नॉर-ड्रम, औषध इन्फ्लिक्सिमॅब. तेही टीएनएफ धरणारंच, पण शिरेतून, वजनाच्या हिशेबात.

पहिलीत ४११ जण. औषध नुकतंच सुरू झालेलं. निम्म्यांचा डोस रक्तातली पातळी बघून बदलला, निम्म्यांचा नेहमीच्या पद्धतीने. ३० आठवड्यांनी आजार शांत झालेले, मोजून दिलेल्यांत ५०.५ टक्के, न मोजता दिलेल्यांत ५३. म्हणजे काही फरक नाही. खवचटराव, तुमची बातमी हीच.

दुसरीत ४५८ जण, पण हे आधीच औषधावर स्थिरावलेले. प्रश्न वेगळा होता, लागू पडलेलं औषध टिकवायचं कसं. वर्षभर आजार ताब्यात राहिलेले, मोजून दिलेल्यांत ७३.६ टक्के, न मोजता दिलेल्यांत ५५.९. हा फरक छोटा नाही. दोन्ही २०२१ सालीच छापून आल्या.

मला यातून असं दिसतं की औषध लागू पडेल की नाही हे पातळी मोजून ठरत नाही. ते आजाराच्या जातीवर आहे. पण लागू पडलेलं औषध हातातून निसटत असेल तर ते पेशंटला कळायच्या आधी नळीत दिसतं. युरोपच्या सांधेतज्ज्ञांची संघटना सरसकट सगळ्यांचं मोजा असं म्हणत नाही, औषध उतरू लागल्यावर मोजायला हरकत नाही म्हणते. मला ती थोडी जास्तच सावध वाटते, पण मी प्रयोगशाळेतली, माझं पोट त्यावर आहे, तेव्हा माझं मत मिठाच्या खड्यासह घ्या. माहिती म्हणून सांगते, अ‍ॅडालिमुमॅबला आमवातात साधारण ५ ते ८ मायक्रोग्रॅम दर मिलिलिटर पुरेसं मानतात. ८ च्या वर असलेल्यांचं अंतर दोनवरून तीन आठवडे केलं तरी आजार उसळला नाही, असं हॉलंडमध्ये दिसलंय. मोरपंखीताई, तुमच्या मामेबहिणीचं तसंच काही असावं.


अर्धशिशी | सोमवार, रात्री ८:१९

अवांतर होईल, पण विचारतेच. मला मायग्रेनसाठी महिन्याला एरेनुमॅब देतात. ते पण अँटिबॉडीच. आधी ७० मिलिग्रॅम होतं, तीन महिन्यांनी १४० केलं. रक्त एकदाही तपासलं नाही. डॉक्टर फक्त माझी वही बघतात, महिन्यात डोकेदुखीचे दिवस किती. १७ होते, आता ८. माझ्यासाठी अशी चाचणी नाही का?


उत्तरध्रुव | सोमवार, रात्री १०:०२

अवांतर मुळीच नाही, खरा पेच तुमच्याच प्रश्नात आहे.

मायग्रेनमध्ये सीजीआरपी नावाचा रेणू वाढतो हे गोड्सबी आणि एडव्हिन्सन यांनी १९९० साली दाखवलं, झटका चालू असताना मानेतल्या मोठ्या शिरेतून रक्त घेऊन. त्यावरून जवळजवळ तीस वर्षांनी ही औषधं आली, आणि त्या दोघांना २०२१ चं ब्रेन प्राइझ आणखी दोघांसोबत मिळालं. पण हा रेणू रक्तात काही मिनिटांत विरघळतो. नळी बर्फात ठेवली नाही, अर्धा तास टेबलावर राहिली, की आकडा बदलतो. एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळत नाही. कोपरातून घेतलेल्या रक्तात डोक्यातलं किती उतरतं हाही प्रश्नच. त्यात तुमचं औषध सीजीआरपीला नाही धरत, तो जिथे जाऊन बसतो ती खुर्ची अडवतं. त्यामुळे सध्या तुमची वहीच मोजपट्टी, आणि १७ वरून ८ हा आकडा कुठल्याही नळीपेक्षा बोलका आहे.


लॅब्राडॉरची_मावशी | मंगळवार, दुपारी १२:२५

मंडळी, हसू नका. बहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्या तेरा वर्षांच्या लॅब्राडॉरला सांधेदुखीसाठी महिन्याला अँटिबॉडीचं इंजेक्शन देतात. बेडिनव्हेटमॅब. वजनावर डोस. तो जिना चढायला लागला! माझे गुडघे झिजलेत, मी ऑर्थोवाल्यांना विचारलं तर म्हणाले माणसांसाठी असं काही नाही. कुत्र्याला मिळतं आणि मला नाही?


उत्तरध्रुव | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

अशाच जातीचं औषध माणसांसाठी बनवलं होतं, पार शेवटच्या पायरीपर्यंत नेलं होतं. मग सोडून दिलं. माझ्या मते वेदनेवरच्या अँटिबॉडींची सर्वांत शिकवणारी गोष्ट ही आहे, म्हणून जरा सविस्तर.

मज्जातंतूंना वाढवणारा एनजीएफ नावाचा घटक रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांनी शोधला, १९८६ चं नोबेल त्यालाच. नंतर लक्षात आलं की मोठ्या माणसात हाच एनजीएफ दुखणाऱ्या नसा जागत्या ठेवतो. मग त्यालाच धरणारी अँटिबॉडी काढली, टॅनेझुमॅब. २०१० साली गुडघ्याच्या झिजेवरचे निकाल छापून आले तेव्हा लोक चकित झाले, इतका आराम कुठल्याच वेदनाशामकाने मिळाला नव्हता. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, चाचण्या थांबवल्या. काही पेशंटचे सांधे भराभर खचत होते, बदलायची वेळ येत होती. कधीकधी असे सांधेही, जे आधी धड होते.

डोस जसा वाढवला तसा सांधे खचण्याचा धोका वाढला. आराम मात्र तितका वाढला नाही. सोबत नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत धोका आणखी. म्हणून पुढे डोस खाली आणत आणत २.५ आणि ५ मिलिग्रॅम, आठ आठवड्यांतून एकदा, इथवर आले. ५ ला २.५ पेक्षा जेमतेम जास्त आराम, धोका मात्र वरचा. मार्च २०२१ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी नकार दिला आणि त्याच वर्षी कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

आता आपल्या धाग्याशी जोड. आईंच्या औषधाला सुजेचा आकडा सीआरपी आहे, औषधाचा आकडा आहे, अँटिबॉडीचा आहे. टॅनेझुमॅबचं काय? रक्तातला एनजीएफ मोजावा तर औषध दिल्यावर तो वाढलेला दिसतो! कारण अँटिबॉडीला चिकटलेला एनजीएफ रक्तातच रेंगाळतो, निघून जात नाही. आकडा वर आणि वेदना खाली, अशी उलटी तऱ्हा. कोणाचा गुडघा खचणार हे आधी सांगणारी रक्तातली खूण शोधायचा प्रयत्न झाला, रोजच्या वापराला येईल असं हाती लागलं नाही. समितीपुढे एक्स-रे काढून लक्ष ठेवायची योजना होती. पण एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत हाड गेलेलं असतं.

आणि एक गोष्ट मला कायम आठवते. स्वीडनच्या उत्तरेला काही कुटुंबांत एनजीएफच्या जनुकातच दोष आहे. त्या मुलांना हाडा-सांध्यातली वेदना जाणवत नाही. लहानपणापासून त्यांचे गुडघे आणि घोटे मोडून येतात, कारण दुखत नाही म्हणून ती थांबतच नाहीत. हे २००४ साली छापून आलं होतं. टॅनेझुमॅबच्या त्या निकालांच्या सहा वर्षं आधी.


लॅब्राडॉरची_मावशी | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

बापरे. बहिणीला लिंक पाठवते. कुत्रा दुखतंय असं सांगणार नाही ना.


उत्तरध्रुव | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

तिला घाबरवू नका, बऱ्याच कुत्र्यांना ते मानवतं. डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने अमेरिकेतल्या पशुवैद्यांना पत्र लिहून चाल अडखळणं, झटके वगैरे तक्रारींकडे लक्ष ठेवायला सांगितलं आहे. चालण्यात बदल दिसला तर 'म्हातारा झाला' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, एवढंच.


खवचट_खान्देशी | मंगळवार, रात्री ९:४४

मी शब्द मागे घेतो. 'दुखतंय तर वाढवा' हे वरच्या गोष्टीत नेमकं उलटं पडलं. तरी माझी एक शंका राहतेच. पाठीच्या कण्याचं दुखणं कुठल्याच नळीत आलं नाही. त्याच्यासाठी आकडा कुठून आणणार?


पाठीचा_कणा | मंगळवार, रात्री १०:१०

माझा आकडा मी रात्री किती वाजता उठतो तो. सध्या पाच चाळीस.


कृष्णाकाठचा | दोन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ८:५२

रिपोर्ट आला. इंजेक्शनच्या दिवशी सकाळी वाईतच रक्त घेतलं, नमुना बाहेर गेला, नऊ दिवस लागले.

औषधाची पातळी ०.५ पेक्षा कमी, म्हणजे त्यांच्या मशिनला दिसली नाही इतकी. अँटिबॉडी जोरदार पॉझिटिव्ह. पांढरी खळगी!

आठवड्याला एक केलं असतं तर दुप्पट पैसे त्याच भिंतीवर आपटले असते. एका नातेवाइकाने सुचवलं की 'इंडियन घेताय म्हणून असं होतं, ओरिजिनल घ्या.' त्यावर जाणकारांनी बोलावं, कारण घरात दोन तट पडलेत.


बाह्यरुग्ण | गुरुवार, रात्री ११:२०

ओरिजिनलने काही होणार नाही. रेणू तोच. आईंच्या अँटिबॉडी लेबल वाचत नाहीत, ज्या आत्ताच्या औषधाला धरतात त्या मूळ ब्रँडलाही धरतील. २०१४ च्या डिसेंबरात अ‍ॅडालिमुमॅबची जगातली पहिली नक्कल आपल्याकडे बाजारात आली, मूळच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या किमतीत. ती आली नसती तर माझ्या निम्म्या पेशंटनी या औषधाचं नावही ऐकलं नसतं. खापर तिच्यावर फोडू नका. मूळ औषधावरही अँटिबॉडी होतातच, वरचा अ‍ॅमस्टरडॅमचा अभ्यास मूळ औषधावरचाच आहे.

दिलासा असा की या अँटिबॉडी याच रेणूपुरत्या असतात. टीएनएफवरचंच दुसरं औषध चालू शकतं. तुमच्या डॉक्टरांसमोर रिपोर्ट ठेवा, गोळीचंही खरं सांगा.


कृष्णाकाठचा | तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ९:३६

भेट झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, 'बरं झालं केलंत.' एवढंच. मला त्यातच आनंद.

अ‍ॅडालिमुमॅब बंद. एटानरसेप्ट सुरू, आठवड्याला एक. ते काटेकोरपणे अँटिबॉडी नाही, टीएनएफ पकडणारं बनावट पात्र आहे म्हणे, आणि त्याला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सहसा होत नाहीत. मेथोट्रेक्झेट कमी डोसने पुन्हा, पण गोळीऐवजी कातडीखाली, म्हणजे मळमळ कमी. आई म्हणाली, 'म्हणजे आता दोन सुया?' मी म्हटलं, हो, आणि पिवळी गोळी एकच उरली, घोळच नको.

पहिल्या आठवड्यात 'ता' चार वेळा. दुसऱ्यात तीन. अजून काही म्हणता येत नाही.

एक व्यावहारिक प्रश्न. अ‍ॅडालिमुमॅबची दोन पेनं फ्रिजमध्ये पडून आहेत, तारीख पुढच्या वर्षीची. मेडिकलवाला परत घेत नाही. गल्लीतल्या एका बाईंना हेच औषध आहे, त्यांना दिली तर चालतील का?


बाह्यरुग्ण | बुधवार, रात्री १०:१५

वाईत लाइट किती वेळा जाते आणि फ्रिज किती तास बंद असतो, याचा हिशेब आहे का? २ ते ८ अंशांत कायम राहिली याची खात्री नसेल तर दुसऱ्याच्या पोटात टोचू नका. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तरच.


कृष्णाकाठचा | बुधवार, रात्री १०:२१

मागच्या मंगळवारी सहा तास गेली होती. आईने कालनिर्णयवर लिहून ठेवलंय, 'ला'. नाही देत.